कुणालाच न बसणारी सीट

सोमवारी सकाळी अश्विनीने नारायणगावच्या माती तपासणी प्रयोगशाळेचं कुलूप वेळेवर उघडलं, आणि तिथवर तिला मीच नेलं.

मित्रांनो, हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. मीही ते बोललेले नाही. आत्मवृत्तात शेवट आधी सांगायचा नसतो एवढं मला कळतं. पण मनात अपराध असला की चांगली बातमी आधी सांगून मोकळं व्हावंसं वाटतं. तर आता रीतीप्रमाणे सुरुवात करते.

मी एका जुन्या मोटारीची ड्रायव्हर-सीट आहे. साधी नव्हे, पॉवर सीट. खाली हात घालून दांडी ओढा आणि बुडाने रेटा, असला प्रकार माझ्याकडे नाही. बटन दाबलं की मी आपोआप पुढेमागे सरकते, वरखाली होते, पाठ टेकवते, पाठ ताठ करते. त्यासाठी माझ्या पोटाखाली चार मोटारी बसवलेल्या आहेत. माझा सगळा घात याच शब्दाने केला, पण ते पुढे येईल.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथे एक यंत्र दिवसभर माझ्यावर बसायचं आणि उठायचं. त्याला दुसरं काम नव्हतं. त्या परीक्षेत मी पास झाले आणि माझ्या कडेला दोन बटनं लावली गेली, एक आणि दोन. माणसाने मला आपल्या मापाने लावून घ्यायचं आणि ते माप बटनात साठवायचं. पुन्हा ते बटन दाबलं की मी बरोबर तिथे येऊन थांबते. माणसाला सकाळी चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही. मला त्याच्या पायाची लांबी पाठ असते.

माझे पहिले मालक पुण्याचे एक साहेब होते. त्यांनी एक नंबरवर स्वतःचं माप साठवलं. त्यांच्या घरात बायको होती, दोन मोठ्या मुली होत्या, पण दोन नंबर शेवटपर्यंत रिकामाच राहिला. मग माझं चामडं सुरकुतलं, साहेबांना नवी गाडी आली, आणि मला बोरी बुद्रुकच्या सूरजने घेतलं.

सूरजची द्राक्षबाग आहे. रोजच्या कामाला त्याच्याकडे पिकअप आहे, पण तो इतका उंच आहे की पिकअपमध्ये घडी घालून ठेवल्यासारखा दिसतो. माझ्यावर बसून त्याने मला पार मागे नेलं, पाय लांब केले आणि डोळे मिटले. एक नंबर त्याचा झाला.

मला बघायला अख्खी आळी लोटली. सूरजचे वडील, सोपानआबा, सगळ्यांत आधी बसले. सूरजने बटन दाबलं तसे आबा सावकाश वर जाऊ लागले.

"आरं थांबीव, थांबीव! टप लागंल डोक्याला."

"आबा, पावर शीट हाय ही."

"म्हंजी सरपंचाची का?"

त्यानंतर प्रत्येकालाच वरखाली व्हायचं होतं. जत्रेतल्या पाळण्याला लागते तशी रांग लागली. एक गृहस्थ वरखाली होऊन घरी गेले आणि पावण्यांना घेऊन परत आले. मित्रांनो, इतकं कौतुक झालं की मला वाटलं, आता आपलं आयुष्य असंच जाणार. सीटने असं काही वाटून घेऊ नये.

मग अश्विनी आली. ती सूरजची बायको. बी.एस्सी. झालेली, उंचीने बेताची. आळेफाट्याच्या क्लासमध्ये ती गाडी शिकली आणि नारायणगावच्या प्रयोगशाळेत तिला काम मिळालं. शेतकरी पिशवीत माती घेऊन येतात, ती त्या मातीत काय आहे आणि काय नाही ते सांगते. सकाळची एसटी कधी येते हे एसटीलाही ठाऊक नसतं, म्हणून ती मला घेऊन जाऊ लागली. पहिल्याच दिवशी तिने मला पार पुढे ओढलं, थोडं उचललं, पाठ सरळ केली आणि दोन नंबरवर ते माप साठवलं. इतकी वर्षं रिकामं असलेलं बटन भरलं. त्या घरात भांड्यांवर आबांचं नाव होतं, गाडीच्या काचेवर सूरजचं होतं. अश्विनीचं म्हणावं असं ते एक बटनच होतं.

तिची सासू, साळुबाई, हे सगळं ओट्यावरून बघत होत्या. "बटन दाबलं की शीट सुनंकडं चालत जाती," त्या शेजारणीला म्हणाल्या. "आमच्या टायमाला मानसं बी जात नव्हती."

आता तो शब्द.

मित्रांनो, बोरीत मोटार म्हणजे विहिरीवरची पाण्याची मोटार. रस्त्यावर पळते ती गाडी. मोटार जळली तर बाग जळते, म्हणून साळुबाईंचा विहिरीवरच्या दोन्ही मोटारींवर फार जीव. खंडेनवमीला त्या विळे, खुरपी, फवारणीचा पंप आणि मिक्सर या सगळ्यांची पूजा करतात, पण मोटारींसमोर त्या पान मांडतात, पानावर सुपारी ठेवतात, आणि तो गणपती.

यंदाच्या खंडेनवमीला त्या ताम्हण घेऊन गाडीपाशी आल्या. सूरज फोनवर बोलत होता.

"सूरज, ह्या गाडीची मोटर कुठं असती रं?"

"शीटखाली, आई. चार हायेत," सूरज फोनवरच हात ठेवून म्हणाला आणि पुन्हा औषधाच्या दुकानदाराशी बोलू लागला.

"चार!" साळुबाई हबकल्या. "आपल्या इहिरीवर दोनच हायेत."

त्यांनी खाली वाकून हळद-कुंकू वाहिलं, पान माझ्याखाली सरकवलं आणि चौघींना मिळून एक गणपती मांडला. माझ्याखाली आजवर नाणी आली होती, पेनांची टोपणं आली होती, एकदा अर्धा वडापाव आला होता. देव पहिल्यांदाच आला. मी अगदी अंग चोरून बसले.

दुसऱ्या दिवशी दसरा. सकाळी देव हलवायचा, म्हणजे अक्षता टाकून सुपारी जागेवर जरा हलवायची, की देव आपल्या गावी जातो आणि मागे नुसती सुपारी उरते. साळुबाईंनी विहिरीवरच्या सुपाऱ्या हलवून उचलल्या. तेवढ्यात पुरण लागल्याचा वास आला म्हणून त्या चुलीकडे धावल्या. माझ्याखालचा गणपती तसाच राहिला. संध्याकाळी सूरज सोनं वाटायला नारायणगावला गेला. रस्त्यात गतिरोधक लागले. पान मागे गेलं, देव पुढे गेला आणि माझ्या डाव्या रुळात, झाकणाच्या आत जाऊन बसला.

पुढच्या सकाळी अश्विनीने दोन नंबर दाबला. मी निघाले. अर्ध्या वाटेत रुळात काहीतरी कचकन आवळलं. कर्रर्र, टक. पुढे नाही, मागे नाही. कारखान्यात माझी वाळूची परीक्षा झाली होती, चिखलाची झाली होती. सुपारीची झाली नव्हती. आणि आता मी गणपतीला दाढेखाली धरून बसले होते.

मी अडकले ती जागाही विचित्र. सूरज बसला तर त्याचे गुडघे स्टिअरिंगला लागत आणि डावीकडे वळलं की हॉर्न वाजे. अश्विनी बसली तर तिचे पाय अधांतरी. तिने पाठीमागे उशी लावून पाहिली. ब्रेक दाबायला गेली की ती उशीसकट मागे जाई आणि ब्रेक होता तिथेच राही.

"केलंस ना वाटोळं?" सूरज म्हणाला. "तरी म्हनत व्हतो, सारखी बटनं दाबत जाऊ नको."

"अहो, बटन दाबायलाच असतं."

"मी दाबतो तवा न्हाई बिघडत."

"तुम्ही गाडी काढता महिन्यातनं दोनदा. लग्नाला आणि बारशाला."

"आबा, आयकताय ना?"

आबा ऐकत होते, पण पान लावत होते. पान लावताना ते कुणाच्याच बाजूने नसत.

साळुबाई दारात उभ्या होत्या. हाताला पीठ होतं. काचेतून मला त्यांचा चेहरा दिसत होता. त्यांनी विहिरीच्या दिशेने बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, मनातल्या मनात सुपाऱ्या मोजल्या, आणि त्यांचा हात तसाच पिठासकट तोंडावर गेला. त्यांना आठवलं होतं. पण सूरजचा आवाज चढलेला होता. त्या आत गेल्या.

अश्विनी एसटीने जाऊ लागली आणि उशिरा पोचू लागली. द्राक्षछाटणीचा, म्हणजे खतं ठरवायचा हंगाम होता. सकाळपासून लोक मातीच्या पिशव्या घेऊन दारात उभे. प्रयोगशाळेच्या मालकीणबाई, इंद्रायणीताई, तिला म्हणाल्या, "सोमवारपासून कुलपाची चावी मी तुझ्याकडे देणार होते. तुला सकाळी यायला जमणार नसेल तर आत्ताच सांग, दुसरीकडे देते." हे तिने अंगणात सूरजला सांगितलं.

सूरजने तोवर त्याचा उपाय शोधला होता. पेठेच्या गॅरेजवाल्या गेणभाऊंकडे मोडीत काढलेल्या एका जीपची सीट होती. मला काढून ती बसवायची आणि वेल्डिंग करून टाकायची. कायमची, एका जागी. सूरजच्या मापाला.

"आन हिचं पाय कसं पोचायचं?" साळुबाईंनी हळूच विचारलं.

"ती जाईल की एसटीनं. आधी जातच व्हती."

अश्विनीने माझ्या दोन नंबरच्या बटनावरची धूळ ओढणीने पुसली आणि ती एसटी गाठायला पळाली.

मित्रांनो, मला सगळं ठाऊक होतं. देव कुठे आहे, कसा गेला, कुणी ठेवला. पण मला एकच शब्द बोलता येतो, कर्रर्र, आणि तो ऐकून लोक अश्विनीलाच बोलत. मी गप्प राहिले तरी गुन्हा होता, बोलले तरी होता.

दुपारी घरात कुणी नसलं की साळुबाई गाडीत येऊन बसत. शेजारच्या सीटवर नाही, माझ्यावर. खाली हात घालून चाचपडत. हात पोचत नसे.

"बाहीर ये रं बाबा," त्या पुटपुटत. "तुला काय कमी केलं व्हतं? मोदक केलं न्हाईत म्हनून का रुसलास?" मग, "सांगू का? सांगितलं तर पोरगं म्हनंल, आयेला अक्कल न्हाई, शीटखाली देव मांडती. न्हाई सांगितलं तर त्या पोरीचं..." मग त्या दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून नुसत्या बसत. आणि काय सांगू, त्यांचे पाय बरोबर पोचत होते. पाठ बरोबर टेकत होती. मी अडकले होते ती जागा तंतोतंत साळुबाईंच्या मापाची होती. घरात ज्यांना गाडी चालवता येत नव्हती नेमक्या त्यांनाच मी अगदी नीट बसत होते.

बाहेर मात्र त्यांनी वेगळाच मार्ग धरला. अश्विनीच्या डब्यात जास्तीची भाकरी, वर तूप. "केसांना तेल लावू का गं?" "दमली असशील, भांडी मी घासते." सासू एवढी गोड झालेली बघून अश्विनी घाबरली. तिने अंगणात येऊन आईला फोन लावला आणि विचारलं, "आई, माझ्याबद्दल तुला काही कळलंय का? मला काही आजार वगैरे निघालाय का?"

रविवारी गेणभाऊ टेम्पोतून ती जीपची सीट घेऊन आले. बिचारी आयुष्यभर वडापची खचाखच माणसं वाहून दमलेली होती, रेक्झिन फाटून आतला काथ्या बाहेर आला होता. आम्ही एकमेकींकडे बघितलं नाही.

"आदी बघू तर काय झालंय," गेणभाऊ म्हणाले. त्यांनी फ्यूज बदलला. जुना फ्यूज चांगला होता, नवाही चांगला होता. मी होते तिथेच. "मग बॅटरी. मोबाईल कसा बंद करून चालू करतो, तसं." त्यांनी बॅटरीची वायर काढली आणि परत जोडली. मित्रांनो, त्या एका झटक्यात माझी दोन्ही मापं पुसली गेली. एक कोण, दोन कोण, मला काहीच आठवेना. फक्त अपराध तेवढा आठवत होता. तो बॅटरीवर चालत नसावा.

"शीटचा मेंदू गेला, सूरजभाऊ," गेणभाऊंनी निकाल दिला.

"गेणभाऊ, पाठ मागंपुढं होतीय," अश्विनी म्हणाली. "शीट वरखाली होतीय. म्हणजे पावर येतीय. सरकायची मोटारपण आवाज करतीय. मग मेंदू कसा गेला? रुळात काहीतरी अडकलंय."

"ताई, आवाज काय, बिघडलेली गिरनीबी करती."

"पण झाकण काढून बघा तरी."

"बघायचं काय त्यात! कापायचीच हाय ना?" सूरज मध्येच म्हणाला.

माझे पुढचे बोल्ट काढायचे तर मी मागे सरकायला हवी, मागचे काढायचे तर पुढे. मी दोन्हीकडे सरकत नव्हते. "असली आडमुठी शीट बगितली न्हाई राव," म्हणत गेणभाऊंनी पिशवीतून लोखंड कापायचा ग्राइंडर काढला. डाव्या रुळापासून कापायचं ठरलं.

पण लाईट नव्हती. मग सगळे अंगणात लाईटची वाट बघत बसले. साळुबाईंनी चहा केला. त्यात साखर नव्हती. पुन्हा केला. त्यात चहा नव्हता. तिसऱ्यांदा त्या रिकामाच ट्रे घेऊन आल्या, सगळ्यांसमोर फिरवला आणि परत घेऊन गेल्या. अश्विनी पायरीवर बसून जीपच्या सीटमधला काथ्या ओढत होती.

मळ्याकडून विहिरीच्या मोटारी सुरू झाल्याचा आवाज आला. लाईट आली. गेणभाऊंनी डोळ्यांना चष्मा लावला, ग्राइंडर चालू केला आणि ते माझ्या डाव्या रुळावर वाकले.

"थांब! आरं थांब! आत गनपती हाय!"

ग्राइंडर थांबला. गेणभाऊ सावकाश उठले, खाली बघितलं, आणि त्यांनी आधी चपला काढल्या.

"कुठं हाय, मावशी?"

"शीटखाली. चार मोटारींचा. म्याच मांडला व्हता. हलवायचा राहिला." साळुबाई गाडीच्या दाराला धरून उभ्या होत्या. "हिनं काय बी बिघडावलं न्हाई. माझ्या सुपारीनं अडकलीय शीट. मला पैल्या दिवसापासनं म्हाईत व्हतं."

आबांचा पान लावणारा हात थांबला. सूरज आईकडे बघत राहिला, मग अश्विनीकडे बघायला गेला आणि वाटेतच त्याने मान खाली घातली.

"आई, आठवडाभर मी बोलणी खाल्ली," अश्विनी म्हणाली.

"खाल्लीस."

"आणि तुम्ही मला तूप वाढत होता."

"मला दुसरं काय सुचंना गं," साळुबाई म्हणाल्या.

पण प्रश्न सुटला नव्हता. गेणभाऊंनी गणपतीवर ग्राइंडर चालवायला साफ नकार दिला. सुपारी कापायची तर आधी त्यातला देव जायला हवा. देव जायचा तर सुपारी हलवायला हवी. आणि सुपारी हलत असती तर हा दिवसच उगवला नसता. सगळे विचारात पडले. शेवटी आबांनी, तोंडात पान असताना, त्या घरातला एकमेव शास्त्रार्थ सांगितला.

"शीट हलिवली तरी चालंल. देव शीटमधी हाय. शीट हालली की देव हालला."

अश्विनीने बटन दाबलं. कर्रर्र, टक. मी जागच्या जागी थरथरले, माझ्याबरोबर गाडी थरथरली. सगळ्यांनी हात जोडले. साळुबाईंनी माझ्यावर अक्षता टाकल्या. "पुन्ना ये रं बाबा," त्या म्हणाल्या, "पन हितं नको."

आता ती नुसती सुपारी होती. गेणभाऊंनी पान्यांची पिशवी उघडली, पण त्याआधीच आबांनी चंचीतून आपला अडकित्ता काढून सुनेच्या हातात दिला होता. तो अडकित्ता आबा कुणालाही देत नाहीत. अश्विनीने रुळाचं झाकण ओढून काढलं, आडवं पडून हात आत घातला आणि दाबला. कट्ट! दोन फोडी बाहेर आल्या. आबांनी एक उचलून उजेडात धरली. "चिकनी हाय," म्हणत ती तोंडाकडे नेली आणि साळुबाईंनी त्यांच्या हातावर चापट मारली.

अश्विनीने बटन दाबलं. मी पार पुढे गेले, पार मागे गेले, पुन्हा पुढे गेले. जीपच्या सीटला गेणभाऊंनी टेम्पोत परत चढवलं. तिचीही सुटका झाली असावी.

मग सूरज हात पुसत पुढे आला. "सरा. माझा एक नंबर लावून घेतो."

साळुबाई गाडीच्या दारातून हलल्या नाहीत. "पैलं बटन तिचं."

"आई, गाडी माझी हाय."

"गाडी तुझी. बटन तिचं."

सूरजने आबांकडे बघितलं. आबा पान लावत होते. अश्विनी बसली, मला आपल्या मापाला आणलं आणि एक नंबर साठवला. सूरजने नंतर दोन नंबर घेतला. मग ब्रश आणून तो माझ्या रुळातला सुपारीचा भुगा झाडत बसला. बराच वेळ झाडत होता. भुगा तेवढा नव्हता.

मित्रांनो, आपापल्या सीटखाली अधूनमधून हात घालून बघत जा. नाणी, टोपणं, देव, जे असेल ते वेळेत उचला. आणि घरात काही बिघडलं तर ज्याने शेवटचं बटन दाबलं त्यालाच धरू नका.

माझं म्हणाल तर आता सगळं ठीक चाललं आहे. फक्त साळुबाई दुपारी येत नाहीत. यायचं कारण उरलं नाही. सूरजच्या मापावरून अश्विनीच्या मापाला जाताना त्यांची जागा वाटेत लागते. मला ती बरोबर कळते, पण थांबता येत नाही. म्हणून मी पुढील अर्ज करत आहे.

प्रति,
मा. व्यवस्थापक, मला बनवणारी कंपनी
(आपण हे मॉडेल बंद केले असल्यास, आपल्या जागी जे कोणी असतील ते)

विषय : तिसरे बटन बसवून मिळणेबाबत.

महोदय,
वरील विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, सौ. साळुबाई सोपान, राहणार बोरी बुद्रुक, तालुका जुन्नर, यांना वाहन चालवता येत नाही, शिकण्याचा त्यांचा विचार नाही, व त्यांनी तशी मागणीही केलेली नाही. तरी त्यांचे माप माझ्या स्मरणात कायमस्वरूपी नोंदवून घेण्यात यावे, आणि जाता-येता त्या जागी क्षणभर थांबण्याची मला लेखी परवानगी मिळावी, ही नम्र विनंती.